तेवीस घरांचा होकार

(नेरूळ, १९८८. फेब्रुवारीतली सकाळ. तळमजल्यावरच्या फ्लॅटच्या बाहेरच्या खोलीत चारुलतानं नवं पाळणाघर मांडलं आहे. हाताशी मदतीला सारसोळे गावातली गोजरा. खोलीत दोघींशिवाय कुणी नाही.)

चारुलता : पुन्हा कशाला चटया झटकताय, गोजराबाई? आत्ताच तर झटकल्यात.

गोजरा : मंग काय करू बाय? हात रिकामे ठेवले का मना झोप येते. आठ दिस झाले, वाट बघून बघून डोले दुखाया लागले.

चारुलता : सात. रविवार धरू नका.

गोजरा : बरा, सात. सात दिसात एक तरी पोर आला का?

चारुलता : येईल. नवीन काही काढलं की लोक आधी लांबून बघतात. आज सोमवार आहे, आज कुणीतरी येईलच.

गोजरा : साडेनऊ वाजून गेले. फोर्टची बस साडेसातला गेली, मंत्रालयाची आठला. ज्या बाया जायच्या त्या कवाच खाडीच्या पुलापार गेल्या. आता कोन येतंय?

चारुलता : स्मिता गुप्त्यांची बदली व्हायची होती बेलापूरला. बेलापूरच्या बायका दहाला निघतात.

गोजरा : ती गेली. मी सकाली येताना बगितली ना, स्टापवर उभी व्हती. पावडर लावून.

चारुलता : आणि मूल?

गोजरा : मूल नव्हता बरोबर.

चारुलता : मग घरी असेल. गोवर आलाय त्याला. एकदा गोवर उतरला की येईल. असं काय बघताय? ही वही बघा. अक्षर वाचता येत नसलं तरी खुणा दिसतात ना? प्रत्येक नावापुढे बरोबरची खूण. तेवीस घरं. ह्या तीन इमारतींत जिथे जिथे नवरा-बायको दोघं नोकरीला जातात, ती सगळी. एक फुली नाही त्यात. विलास म्हणाला होता, 'चारू, विमा कंपनीतली पक्की नोकरी आहे, सोडायच्या आधी चारजणींना विचारून घे.' मी चार नाही, तेवीसजणींना विचारलं. घरोघर जाऊन. 'मी पाळणाघर काढलं तर मूल ठेवाल का?' हे बघा, बी-चार, स्मिता गुप्ते : 'अगं चारू, देवासारखी आलीस.' सी-नऊ, कर्णिक : 'आमचा आजपासूनच धरा.' शब्द न् शब्द लिहून घेतलाय.

गोजरा : आनि आता ती कर्निकबाय काय बोलते?

चारुलता : त्यांची आई आलीये नाशिकहून. तात्पुरती.

गोजरा : आनि ती वरची, मोठा कुकू लावते ती?

चारुलता : 'बघू' म्हणाल्या.

गोजरा : 'बघू' म्हंजे नाय. येवढा तर माज्या कोंबडीला बी कलतं.

चारुलता : तुम्हाला सगळंच कळतं.

गोजरा : रागावू नको, बाय. मना एक सांग. तू इचारत फिरलीस तवा कोनी भांडली का तुज्याशी?

चारुलता : भांडेल कशाला कुणी?

गोजरा : मंजे कोनी बोलली का, येवढे पैसे कशाला घेता, कमी करा? पोरानं शी केली तर कोन धुनार? दूध वरचा देनार का आमी द्यायचा? पोर पडला झडला तर? कोनी कायच इचारलं नाय?

चारुलता : नाही. सगळ्या खूशच झाल्या. छान छान म्हणाल्या.

गोजरा : तितंच फसलीस. मी पंदरा वर्सं मासलीची पाटी घेऊन दारोदार फिरली. 'अगो बाय, काय ताजा पापलेट हाय, काय सुंदर हाय' बोलनारी बाय कवाच घेत नाय. जी नाक मुरडते, कल्ला उचलून बगते, 'शिली हाय तुजी मासली' बोलून भाव खाली पारते, ती घेते. भांडनारी गिऱ्हाईक. गोड बोलनारी दार लावून घेते.

चारुलता : गोजराबाई, हे पापलेट नाहीये.

गोजरा : नाय ना. म्हनून तर जास्त भांडाया पायजे व्हत्या. पोटचा पोर द्यायचा आनि एक सवाल नाय? कवा गेली व्हतीस तू इचारायला?

चारुलता : संक्रांतीत. त्या दिवसांत सगळ्या घरी भेटतात, दारं उघडी असतात. हळदीकुंकवाला प्रत्येकीकडे जायचंच होतं. म्हटलं, त्यातच विचारून टाकू.

गोजरा : हलदीकुकवाला!

चारुलता : हसताय कशाला?

गोजरा : हसू नको तर काय करू? अगो बाय माजे! हातावर तिलगुल ठेवायचा, गोड बोला बोलायचं, आनि मंग इचारायचं, माज्याकडे पोर ठेवशील का? सवाशीन बाय दारात, कपाली कुकू लावलेली, ओटीत बोरां, गहू. तिला कोन नाय बोलेल? त्या दिशी सासूला बी कोनी नाय बोलत नाय. जन्माचं वैर असलं तरी त्या दिशी तोंडात गूलच.

चारुलता : थांबा जरा.

गोजरा : काय झाला?

चारुलता : काही नाही. हे माझ्या डोक्यातच आलं नाही. मी आपली दर घरातून बाहेर पडले की जिन्यात उभी राहून खूण करायचे. वाणाचा डबा एका हातात नि वही एका हातात. तेवीस झाल्या त्या दिवशी मी जिन्यातच रडले. विलासला म्हटलं, बघ, एकही नाही म्हणालं नाही. रथसप्तमीला राजीनामा दिला. साहेब म्हणाले, 'महिनाभर थांबा, विचार करा.' मी म्हटलं, नको.

गोजरा : तुज्या नवऱ्यानं तरी सांगायचं.

चारुलता : त्याला काय माहीत हळदीकुंकवातलं? तो आता विचारतही नाही. संध्याकाळी आला की ह्या चटयांकडे बघतो. स्वच्छ असल्या की समजतो, आजही कुणी आलं नाही. मग म्हणतो, 'चहा मी करतो.' ते फार लागतं हो मनाला. त्यापेक्षा ओरडला असता तर बरं.

गोजरा : चांगला हाय बिचारा.

चारुलता : पण एक गोष्ट सांगा मला. समजा, सगळ्या खोटं बोलल्या. पण बायका कामाला तर जातायत? सुट्ट्या संपल्या सगळ्यांच्या. नाशिकची आई एकीकडे आली असेल, गोवर एकाला आला असेल. उरलेली मुलं कुठे आहेत? कुलपात तर नाही ना ठेवत? मग जातात कुठे?

गोजरा : मना काय म्हाईत.

चारुलता : माझ्याकडे बघून सांगा.

गोजरा : बगतंय ना. मना काय म्हाईत बोलली ना मी. बग, दारात कोनतरी आलं.

चारुलता : या, या! अय्या, सुनीती! एकटीच? वैशू कुठाय? आत ये. गोजराबाई, ही सुनीती, वरच्या मजल्यावरची. माझी मैत्रीण. आम्ही एकाच दिवशी राहायला आलो ह्या बिल्डिंगमध्ये, दिवेसुद्धा नव्हते तेव्हा.

गोजरा : वलखते मी त्यांना.

चारुलता : कशा ओळखता?

सुनीती : अगं, येता-जाता दिसतात ना त्या. चारू, मी हाफ डे टाकलाय. बँकेत सांगितलं, डोकं दुखतंय. बारापर्यंत पोचलं म्हंजे झालं. म्हटलं, तुला भेटून जावं. काय मस्त मांडलंयस गं! हा घोडा कुठला? आणि पाळणा? विलासभावजींनी रंगवला का? चांगला झालाय हं. एकदम झकास झालंय सगळं.

गोजरा : भाव पारत नाय.

सुनीती : काय म्हणाल्या त्या?

चारुलता : काही नाही. बस. वैशू कुठाय, विचारलं मी.

सुनीती : घरी आहे. सासूबाई आहेत ना.

चारुलता : तुझ्या सासूबाई गुरुवारी कऱ्हाडला गेल्या. मधुकरभावजींनी त्यांची वळकटी खाली आणली तेव्हा मी ह्याच दारात उभी होते. मला म्हणाल्या, 'येते गं, आता शिमग्यापर्यंत काही येत नाही.'

सुनीती : हो... म्हंजे... चारू, मी तेच सांगायला आले होते. तू आधी बस बघू. तू उभी राहिलीस की मला टेन्शन येतं.

चारुलता : मी बरी आहे उभी. वैशू कुठे आहे?

सुनीती : तू असं पोलिसासारखं विचारू नको ना.

गोजरा : माज्या घरी हाय. माज्या सासूच्या पडवीत.

सुनीती : अहो!

गोजरा : किती दिस झाकून ठेवायचं? मी रोज हिचा चहा पिते आनि रोज हिच्या तोंडावर खोटा बोलते. माज्याच्यान नाय व्हत. बाय, ऐक. माजी सासू चांगुनाबाय, तिच्याकडे ठेवतात पोरां. ह्या पयल्या तारखेपासून. पयली दोन आली, मंग पाच. आज सकाली मी निगाले तवा सतरा व्हती.

चारुलता : सतरा?

गोजरा : सतरा. त्या कर्निकांचा हाय. देवासारखीचा हाय.

चारुलता : स्मिताच्या मुलाला गोवर आहे ना?

गोजरा : कसला गोवर! परवा त्यानं आमचा कोंबडा पकडला.

चारुलता : सतरा मुलं. मी बारा धरली होती. पहिल्या महिन्यात बारा आली तरी पुष्कळ, असं विलासला सांगितलं होतं.

सुनीती : चारू, खाली बस ना गं.

चारुलता : म्हणजे गरज होती. माझं काही चुकलं नव्हतं. सगळ्यांना हवंच होतं पाळणाघर. सतरा मुलं! आणि गोजराबाई, तुमच्या सासूबाईंकडे काय आहे? खोली आहे?

गोजरा : पडवी हाय. शेनानं सारवलेली.

चारुलता : थर्मामीटर आहे?

गोजरा : ता काय असतं?

चारुलता : ताप बघायचं. डॉक्टर कुठे बसतो, त्यांना माहीत आहे? औषधाच्या दुकानात फोन आहे, तिथून वाशीच्या दवाखान्याला फोन लावता येतो, ते माहीत आहे?

गोजरा : तिला चष्मा बी नाय, बाय. म्हातारी सत्तरीची हाय. पोरांना भात भरवते, पाठीवर थापटते, खाडीवरच्या बगल्यांची गोष्ट सांगते. झोपली तर झोपली, नाय तर नाय.

चारुलता : मग तिच्याकडे का? माझ्याकडे का नाही? सुनीती, तू सांग. मी पंधरा दिवस वाशीच्या दवाखान्यात बसून शिकून आले, मूल गुदमरलं तर काय करायचं, भाजलं तर काय करायचं. दर खिडकीला जाळी लावून घेतली. तिच्याकडे असं काय आहे जे माझ्याकडे नाही?

सुनीती : तसं नाही गं...

चारुलता : अगं, बोल ना!

गोजरा : मी सांगते. तिला आठ पोरां झाली. आठी जगली.

सुनीती : गोजराबाई, हे असं तोंडावर बोलायचं असतं का?

गोजरा : मंग पाठीमागं बोलायचं असतं का? तुमी सगल्या तेच बोलता पडवीत. 'चांगुनाबाय, तुमचा हात चांगला.' मी ऐकलंय. माज्या सासूनंच एकीला इचारलं, तुमच्या बिल्डिंगीत काढलाय ना पालनाघर, मंग येवढ्या लांब खाडीच्या चिखलातून कशाला येता? तर ती बोलली, 'तिचा स्वतःचा न्हाय र्‍हायला ओ.' म्हातारीनं मना रातीला सांगितलान.

चारुलता : कोण बोललं? सुनीती, तू?

सुनीती : नाही! शप्पथ, चारू. वैशूची शप्पथ. मी असलं कधी बोलले नाही.

चारुलता : मग तू काय बोललीस?

सुनीती : मी काहीच बोलले नाही.

चारुलता : कधी काहीच बोलली नाहीस?

सुनीती : एकतीस तारखेला... नाही, रविवार होता, शनिवारी. बसच्या लायनीत. सगळ्या होत्या. स्मिता म्हणाली, 'सुनीती, तू चारूची सगळ्यात जवळची. तू सोमवारी वैशूला ठेवणार ना? तू ठेवलीस तर आम्ही पण ठेवतो.' सगळ्या माझ्या तोंडाकडे बघायला लागल्या.

चारुलता : मग?

सुनीती : मी म्हटलं, 'बस आली, चला.'

चारुलता : आली होती बस?

सुनीती : नव्हती. मग वीस मिनिटं सगळ्या रिकाम्या रस्त्याकडे बघत उभ्या राहिल्या. आणि सोमवारी सकाळी स्मिता पोराला घेऊन सारसोळ्याच्या रस्त्याला लागली. मग बाकीच्या. आणि मग... सासूबाई गेल्यावर मी पण.

चारुलता : तू पण.

सुनीती : मला शिव्या दे, चारू. थोबाडीत मार पाहिजे तर.

चारुलता : बोरन्हाणाला तू मला साडेसहाला बोलावलंस. मी आले तेव्हा वैशूच्या डोक्यावरून बोरं, चुरमुरे टाकून झाले होते, मुलं खाली पडलेलं सगळं गोळा करून संपवून गेली होती. तू म्हणालीस, 'अगं, जरा लवकरच आटपलं.' मी म्हटलं, असू दे. एक बोर पलंगाखाली राहिलं होतं ते मी उचललं आणि वैशूच्या डोक्यावर ठेवलं. तुझ्या सासूबाईंनी लगेच मीठमोहऱ्या आणल्या. मला वाटलं, सगळ्यांचीच दृष्ट काढतायत. मी घरी येऊन विलासला कौतुकानं सांगितलं.

सुनीती : वेळ त्यांनी ठरवली होती गं. मी नाही.

चारुलता : निरोप तू आणलास ना.

सुनीती : हो. मी आणला.

गोजरा : पानी देऊ का कोनाला?

चारुलता : नको. सुनीती, तुला नंदूचं सगळं ठाऊक आहे. बाकीच्यांना अर्धवट माहीत असेल. तुला सगळं माहीत आहे. तूच होतीस माझ्याबरोबर त्या टेम्पोत.

सुनीती : नको ना ते आता.

चारुलता : आताच. गोजराबाईंना माहीत नाही. दोन वर्षांपूर्वी, गोजराबाई, माझा नंदू अडीच वर्षांचा होता. त्याला पलीकडच्या इमारतीतल्या एका आजींकडे ठेवायचे मी. भली बाई. त्यांनीही पाच मुलं वाढवली होती. दुपारी एकला नंदूला ताप आला. त्यांनी कपाळाला हात लावला आणि म्हणाल्या, 'संध्याकाळी आई येईल, ती बघेल.' पुलावर ट्रक आडवा झाला होता त्या दिवशी, मी रात्री साडेनऊला पोचले. त्याला आकडी आली होती. हे एक ते साडेनऊ. एवढ्या वेळात त्याला कुणी उचलून पळालं नाही. आई येईल, आई बघेल. हिनं टेम्पोवाल्याला हात केला. वाशी यायच्या आत माझ्या मांडीवर...

गोजरा : बाय. बाय माजे. इकडे बस.

चारुलता : मी रडत नाहीये. मला एवढंच सांगायचंय की ह्या अख्ख्या सेक्टरमध्ये, मुलाला ताप चढला की त्याला घेऊन अनवाणी धावत सुटेल अशी एकच बाई आहे. ती मी आहे. आठ जगवलेली नाही धावणार. तिला वाटेल, उतरेल आपोआप. मी नाही वाट बघणार कुणाच्या आईची. मला ठाऊक आहे वाट बघून काय होतं. मी त्याच्यासाठीच काढलं हे सगळं, आणि तुम्हाला वाटलं...

सुनीती : अगं, डोक्याला कळतं मला हे. सगळं कळतं. तुझी काय चूक होती? तू ऑफिसात होतीस, आम्ही पण ऑफिसात असतो. मी मधुकरला रोज सांगते, चारूसारखी बाई शोधून सापडणार नाही. पण सकाळी वैशूला कपडे घातले ना, की माझे पाय जिन्यात थांबतात. तुझ्या दाराशी येतात आणि थांबतात. मला नंदू दिसतो, त्या निळ्या स्वेटरमधला. डोक्याला कळतं गं, पोटाला नाही कळत. मी काय करू? खोटं बोलू? एवढे दिवस खोटंच बोलले.

चारुलता : मला वाटलं होतं, ह्या खोलीत आवाज होईल. एवढंच वाटलं होतं. एखादं रडेल, एखादं पाणी सांडेल, एकाचं बघून दुसरं शी-शी म्हणेल. सकाळी विलास गेला की ही खोली इतकी गप्प असते, मला माझ्या बांगड्या ऐकू येतात.

गोजरा : मी एक सांगू? मी म्हातारीला आज राती सांगते, पोरां घेऊ नको. तीन दिस पडवी बंद ठेवते. झक मारत येतील सगल्या इकडं.

चारुलता : नाही हं. असलं काही करायचं नाही. बायका कामावर कशा जातील? त्यांची नोकरी जाईल. आणि नाइलाजानं आणलेलं मूल मला नको.

गोजरा : तुला काय पायजे मंग?

चारुलता : एकीनं तरी आपणहून आणायला हवं. एकच. मग बाकीच्या आल्या नाहीत तरी मी उद्या परवा तेरवा बसून राहीन.

सुनीती : मी आणते.

चारुलता : काय?

सुनीती : मी आणते वैशूला. खरंच. पहिली मीच आणायला पाहिजे होती. मी ठेवली की स्मिता येईल, कर्णिक येतील. माझ्यामुळे झालं ना हे सगळं? मीच निस्तरते. रडू नको तू. उद्यापासून वैशू तुझ्याकडे. झालं?

गोजरा : आता बोलली!

चारुलता : खरं सांगतेयस?

सुनीती : अगं, खरंच. उद्या सकाळी सात वाजता. डबा, दुपटं, सगळं घेऊन. तिला तो घोडा दे आधी, गप्प बसेल.

चारुलता : उद्या कशाला, सुनीती? आत्ताच आण ना. तुला बारापर्यंत वेळ आहे. सारसोळं काय, दहा मिनिटं. तुझ्यादेखत थोडी खेळेल, तुझाही जीव शांत होईल. तू इथूनच बँकेत जा.

गोजरा : मी जाऊन घेऊन येऊ का? ती मना वलखते, मस्त येईल कडेवर.

चारुलता : नको, गोजराबाई. तिलाच जाऊ दे.

सुनीती : आत्ता?

चारुलता : हो, आत्ता.

सुनीती : आत्ता ती झोपली असेल गं. अकराच्या आत नाही उठत. आणि अर्धवट उठवलं की दिवसभर किरकिर करते, तुलाच त्रास. शिवाय... पहिल्या दिवशी जरा बरा वार बघून... मंगळवार पण नको बाई, उद्या मंगळवार नाही का? मधुकरला पण विचारते एकदा. बुधवार-गुरुवार बघू ना आपण. बघू.

चारुलता : हो, बघू.

सुनीती : नक्की बघू, चारू.

चारुलता : नक्की. गोजराबाई, तुम्ही जा आता घरी. सतरा मुलांत एक म्हातारी बाई किती ठिकाणी बघणार? उद्यापासून तुम्ही तिकडेच थांबत जा. आणि माझं एक ऐका. वाचता येत नाही ना, मग तोंडपाठ करा. कुणाचं अंग गरम लागलं की दुकानातून वाशीला फोन लावायचा. आईची वाट बघायची नाही. म्हणा.

गोजरा : आईची वाट बगायची नाय.

चारुलता : अजून एकदा म्हणा.

गोजरा : आईची वाट बगायची नाय. बाय, आनि तू?

चारुलता : मी आवरते इथलं. विलास यायच्या आत आवरलेलं बरं. त्याला चटयांकडे बघावं लागणार नाही.

सुनीती : चारू, मी निघू? बस आहे पावणेअकराची. तू रागावली नाहीस ना माझ्यावर?

चारुलता : नाही गं. संध्याकाळी वैशूला आणायला जाशील तेव्हा कानटोपी ने बरोबर. अंधार पडला की खाडीवरून वारं फार गार येतं.